‘तुझे राज्य येवो’ म्हणताना मुलांना काय सांगावे?

पत्र (संक्षेपाने): पुण्याच्या पूर्व भागातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी शब्बाथशाळेचा, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग घेते. वर्गात दहा ते तेरा वर्षांची मुले आहेत. प्रभूची प्रार्थना शिकवत असताना एका मुलाने विचारले, “माझे आजोबा देवाच्या राज्यात गेले, असं आजी म्हणते. मग आपण ‘तुझे राज्य येवो’ असं का म्हणतो? ते तिकडे आहे, तर इकडे कसं येणार?” मला उत्तर देता आले नाही. घरी विचारले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, की देवाचे राज्य म्हणजे स्वर्ग आणि तेथे मेल्यावरच जायचे. धाकटे दीर वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेत आहेत. त्यांच्या मते गरिबाला न्याय मिळेल असा समाज आपण उभा करणे, हेच देवाचे राज्य. आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडिलांनी (ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) सांगितले, की मंडळी हेच राज्य. मुलांना नियमित उपासनेला आणा म्हणजे झाले. तिघांपैकी बरोबर कोण? आजीचे मन न दुखावता त्या मुलाला काय सांगू? आणि मोठी मुले मोबाइलवर प्रभूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्या चित्रफिती पाहून येतात, त्यांचे काय करू? – एक शिक्षिका, पुणे

सप्रेम सलाम.

आपण ज्या तीन मोठ्या माणसांना विचारले, त्यांच्यापेक्षा त्या मुलाने प्रार्थना अधिक लक्ष देऊन ऐकली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपण वर्षानुवर्षे ती प्रार्थना म्हणतो आणि तिच्यातील मागणी कोणत्या दिशेने चालली आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ‘आम्हांला तुझ्या राज्यात घेऊन जा’ असे प्रभूने शिकवलेले नाही. राज्य येथे यावे अशी ती मागणी आहे, आणि पुढच्याच ओळीत तिचा खुलासा आहे: “जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” त्यामुळे आपल्या उत्तराचा पाया त्या प्रार्थनेतच आहे. येशूच्या शिकवणीत देवाचे राज्य म्हणजे मुख्यतः देवाचे राज्य करणे, त्याची सत्ता चालणे. जेथे त्याच्या इच्छेप्रमाणे होते तेथे ते आलेले असते. नकाशावर दाखवता येईल असा प्रदेश शोधत बसल्यामुळेच ‘तिकडे की इकडे’ हा पेच उभा राहतो. सासूबाईंचा समज आपल्याकडे इतका पक्का होण्याचे एक साधे कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूचे जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात) आहे, कारण मत्तय बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ असे लिहितो. परंतु तेच दाखले मार्क आणि लूक ‘देवाचे राज्य’ म्हणून सांगतात, तेव्हा मत्तय निराळ्या कोणत्या ठिकाणाविषयी बोलत नाही, हे उघड आहे.

‘राज्य’ म्हटले की पुण्यातील मुलांच्या डोळ्यांपुढे प्रथम रायगड, १६७४ चा राज्याभिषेक, सिंहासन आणि छत्र येणार. ते चित्र पुसण्याची घाई आपण करू नये, असे मला वाटते. कारण येशूचे ऐकणाऱ्या गालीलातील लोकांच्या मनातही असेच एक चित्र होते आणि त्याने तेच हाती घेऊन आपले शिक्षण दिले. इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमी सेनापती पाँपेने यरुशलेम घेतले, तेव्हापासून तो देश परक्या सत्तेच्या छायेत होता. कर रोमला जात होता, गालीलावर रोमच्या मर्जीतला हेरोद अंतिपा बसला होता, आणि मानवी राज्ये मोडून कधीही नाश न पावणारे राज्य देव स्थापील, हे जुन्या करारातील दानिएलाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील वचन लोकांच्या मनात घर करून होते. अशा वेळी एक मनुष्य गालीलात येऊन म्हणतो, “काळाची पूर्णता झाली आहे व देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा” (मार्क १:१५). ऐकणाऱ्याने तलवारीला हात घातला असता, तरी त्याला फारसा दोष देता आला नसता. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक आपल्याला बळजबरीने राजा करणार, हे ओळखून येशू एकटाच डोंगरावर निघून गेला, असे योहान सांगतो (६:१५). पुढे रोमी सुभेदार पिलातासमोर तो म्हणाला, की माझे राज्य या जगाचे नाही. या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘त्या राज्याचा पृथ्वीशी संबंध नाही’ असा लावला जातो, आणि तो मला चुकीचा वाटतो. त्याच वचनात कारण दिलेले आहे: ते या जगाचे असते, तर माझ्या सेवकांनी लढाई केली असती. त्या राज्याचा उगम आणि त्याची रीत या जगाची नाही. ते येते मात्र याच जगात. वधस्तंभावर ‘यहूद्यांचा राजा’ अशी पाटी इब्री, लॅटिन आणि ग्रीक या तीन भाषांत लावली होती. ज्यांनी ती लावली त्यांनी थट्टा केली, आणि मंडळी ती पाटी गेली दोन हजार वर्षे खरी मानत आली आहे. हा विरोध दहा वर्षांच्या मुलालाही कळतो; त्याला व्याख्येची गरज नसते.

आता ‘ते आले आहे की यायचे आहे’ हा प्रश्न. शुभवर्तमाने दोन्ही म्हणतात आणि येथेच वाचणाऱ्याची तारांबळ उडते. नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचे वचन वाचून झाल्यावर येशूने सांगितले, की हा शास्त्रलेख आज पुरा झाला आहे. देवाच्या सामर्थ्याने मी भुते काढत असेन, तर देवाचे राज्य तुमच्यावर आलेच आहे, असेही तो म्हणाला (लूक ११:२०). मात्र ज्या योहानाने त्याचा बाप्तिस्मा केला, तो त्याच दिवसांत अंतिपाच्या तुरुंगात होता आणि तेथेच त्याचे शिर उडवले गेले. राज्य आले, पण हेरोद गादीवरच राहिला. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू स्वतःच म्हणतो, की देवाच्या राज्यात नवा द्राक्षारस पिईन त्या दिवसापर्यंत मी तो पिणार नाही. म्हणजे काही तरी अजून यायचे आहे. विसाव्या शतकातील अभ्यासकांनी यावर बराच वाद घातला. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये मांडले, की येशू जगाचा शेवट अगदी जवळ आला आहे असे समजून बोलत होता, सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये नेमके उलट सांगितले, की येशूच्या कार्यातच ते राज्य येऊन पोहोचले. पुढे बहुतेकांनी मधला मार्ग धरला: राज्य सुरू झाले आहे, पूर्ण झालेले नाही. मीही याच मताचा आहे. दोन्ही बाजूंना समजूत पटावी म्हणून मी ते धरलेले नाही. दोन्ही प्रकारची वचने कातर न लावता एकत्र वाचता येतील अशी वाट मला याच मतात दिसते.

मुलांना हे ‘आलेले आणि यायचे असलेले’ समजावण्यासाठी आपल्याच इतिहासातील एक गोष्ट उपयोगी पडेल. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. मधल्या तेरा महिन्यांत जालन्याच्या किंवा बीडच्या माणसाला ‘देश स्वतंत्र झाला का?’ असे विचारले असते, तर ‘झाला’ आणि ‘आमच्या गावात अजून यायचा आहे’ ही दोन्ही उत्तरे खरी ठरली असती. ज्याने स्वातंत्र्य झाल्याचे मानले, तो निजामाच्या हद्दीत राहूनही निराळा वागत होता. आपल्या वर्गात मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या कुटुंबांची मुले असतील, तर त्यांच्या आजोबा-पणजोबांकडे या काळाच्या आठवणी असण्याचा संभव आहे. दाखला मात्र काळापुरताच ठेवावा. मराठवाड्याची मुक्ती अखेर फौजेच्या कारवाईने झाली. देवाचे राज्य तसे येत नाही, हे आपण पिलाताच्या प्रसंगात पाहिलेच आहे.

आपल्या दिरांचे म्हणणे मला सर्वांत जवळचे वाटते आणि त्यांच्याशीच माझा थोडा वाद आहे. गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, चिरडलेल्यांना मोकळीक, हे येशूने नासरेथात स्वतः वाचलेले शब्द आहेत. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा न्यायासनावर बसून विचारतो ते भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि कैद्याची भेट यांविषयी. जी शिकवण हे वगळून केवळ मेल्यानंतरचे सांगते, तिने शुभवर्तमानाचा मोठा भाग गाळला, असेच म्हणावे लागेल. तरीही आपले दीर म्हणतात, ‘आपण उभा करणे’. येशूने शिष्यांना राज्य उभारा असे एकदाही सांगितलेले नाही. राज्य शोधा, बालकाप्रमाणे स्वीकारा, त्यात प्रवेश करा, ते यावे म्हणून प्रार्थना करा, असे तो सांगतो. मार्काच्या चौथ्या अध्यायात एक छोटासा दाखला आहे, जो दुसऱ्या कोणत्याही शुभवर्तमानात नाही: एक मनुष्य जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजते व वाढते, कसे, ते त्याला कळत नाही, जमीन आपोआप पीक देते, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. त्या माणसाने पेरणी केली आहे आणि कापणीही तोच करणार आहे, तेव्हा तो आळशी नाही. परंतु उगवणे त्याच्या हाती नाही. समाजाचे काम करणाऱ्याने हा दाखला उशाशी ठेवावा असे मला वाटते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मोपदेशक वॉल्टर राउशेनबुश आणि त्यांच्या पिढीने कारखान्यांतील कामगारांच्या हलाखीकडे मंडळींचे लक्ष वेधले, हे त्यांचे मोठे काम. पण माणसाच्या प्रयत्नाने राज्य पायरी पायरीने चढत जाईल, असा जो विश्वास त्या काळी पुष्कळांना होता, त्याला पहिल्या महायुद्धाने हादरा दिला. राज्य आपणच बांधायचे असे मानणारा माणूस काम अडले की खचतो. ते देवाचे आहे हे जाणणारा तेच काम दुसऱ्या दिवशी पुन्हा हाती घेऊ शकतो. आपल्या दिरांना मी एवढेच विचारीन, की त्यांचे सहकारी थकून निघून जातात तेव्हा ते त्यांना काय सांगतात.

मंडळीच्या वडिलांचे मत अगदीच निराधार नाही. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकात मंडळीला आताचे ख्रिस्ताचे राज्य म्हटले होते. परंतु या राज्यात गहू आणि निदण (तण) एकत्र वाढत आहेत, हेही त्याने तेथेच मान्य केले. रोमन कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, अधिक मोजून शब्द वापरले: मंडळी ही पृथ्वीवर त्या राज्याचे बीज आणि आरंभ आहे. बीज म्हणजे पीक नव्हे. मंडळी हेच संपूर्ण राज्य असते, तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या निवडणुकीच्या दिवसांत त्या राज्याचे दर्शन घेणे जरा कठीण गेले असते. राष्ट्रांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. जो मोठा होऊ पाहील त्याने सेवक व्हावे (मार्क १०:४२-४५), ही कसोटी प्रभूने शिष्यांनाच लावली आहे, बाहेरच्यांना नव्हे. ना. वा. टिळकांचे उदाहरण येथे आठवते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना जागा दिली. दोनच वर्षांत टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. त्यांची वाट सर्वांनाच पटली नव्हती; बाप्तिस्मा गौण ठरतो की काय, ही शंका रास्त होती. पण देवाची सत्ता मंडळीच्या सभासद-यादीपुरती नाही, हे मराठी ख्रिस्ती माणसाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते, एवढे तरी त्यातून दिसते. तेव्हा मुलांना उपासनेला जरूर आणावे, फक्त राज्यात येणे आणि बाकावर येऊन बसणे ही एकच गोष्ट असल्याचे त्यांना सांगू नये.

आता तो मुलगा आणि त्याची आजी. आजीने जे सांगितले, त्यात खोडण्यासारखे काही नाही. लूकाच्या तेविसाव्या अध्यायात येशूच्या बाजूला खिळलेला एक अपराधी त्याला म्हणतो, की आपण राजाधिकाराने याल तेव्हा माझी आठवण करा. तो पुढे कधी तरी येणाऱ्या राज्याविषयी बोलतो. येशूचे उत्तर मात्र ‘आज’ने सुरू होते, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या मुलाचे उत्तर मला याच संवादात सापडते. आजोबा ख्रिस्ताजवळ आहेत. आणि ज्या दिवसाची वाट आपण येथे पाहतो, त्याच दिवसाची वाट तेही त्याच्याजवळ राहून पाहत आहेत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय त्याला वाचून दाखवावा. तेथे माणसे वर जाताना दिसत नाहीत. पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते, देवाची वस्ती माणसांबरोबर होते, तो त्यांच्या डोळ्यांचे अश्रू पुसून टाकतो आणि मरण राहत नाही. म्हणजे ‘ते तिकडे आहे, तर इकडे कसे येणार’ या त्याच्या प्रश्नाला पवित्र शास्त्राचे शेवटचे चित्रच उत्तर देते. एवढे बारा वर्षांच्या मुलाला पुरेसे आहे. अधिक विचारलेच, तर मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या अवस्थेविषयी निरनिराळ्या मंडळ्या निरनिराळे मानतात, हे प्रामाणिकपणे सांगावे. आजींना एकदा भेटून आपण वर्गात काय सांगणार आहात, ते आधी त्यांच्या कानावर घालावे. घरी गेल्यावर मूल दोन शिक्षकांच्या कात्रीत सापडू नये.

वर्गाच्या रचनेविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. व्याख्येने सुरुवात करू नये. येशूने राज्याची व्याख्या केलीच नाही, त्याने दाखले सांगितले. मोहरीच्या दाण्यापासून आरंभ करावा, पण तो नेहमीप्रमाणे ‘लहानाचे मोठे होते’ एवढ्यावर उरकू नये. आधी यहेज्केलाचा सतरावा अध्याय वाचावा, जेथे देव उंच पर्वतावर गंधसरूची (देवदारासारख्या उंच वृक्षाची) कोवळी डहाळी लावतो, तिचा भव्य वृक्ष होतो आणि सर्व जातींचे पक्षी त्याच्या छायेत राहतात. ऐकणाऱ्यांना राज्याचे चित्र तसे हवे होते: पर्वतावरचा गंधसरू. येशू पक्षी तेच ठेवतो आणि झाड बदलतो. मोहरीचे झुडूप माणसापेक्षा थोडे उंच होते, शेताच्या कडेला उगवते, त्याचे लाकूड राजवाड्याच्या कामी येत नाही. मुलांच्या हातावर स्वयंपाकघरातील मोहरी ठेवून ही दोन चित्रे शेजारी शेजारी काढायला सांगावीत. देवाने गंधसरू का निवडला नाही, या एका प्रश्नावर पूर्ण तास जाईल आणि तो वाया जाणार नाही.

त्यानंतर द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला घ्यावा. पुण्यातील मुलांनी मजूर अड्डा पाहिलेला असतो. सकाळी तेथे उभी असलेली आणि उन्हे चढल्यावरही काम न मिळाल्याने तेथेच थांबलेली माणसे त्यांनी रस्त्याने जाताना पाहिली आहेत. संध्याकाळी पाच वाजता कामावर घेतलेल्यालाही मालक दिवसभराची मजुरी देतो, हे ऐकून वर्गातील अर्धी मुले ‘हा अन्याय आहे’ म्हणतील आणि त्यांना म्हणू द्यावे, कारण दाखल्यातील सकाळचे मजूरही तेच म्हणतात. त्या शेवटच्या मजुराच्या घरी त्या रात्री काय शिजले असते, एवढे विचारून थांबावे. आपल्या दिरांना या तासाला बोलवावे. ते येथे माझ्यापेक्षा चांगले बोलतील. पालक तयार असतील, तर पुणे-दौंड मार्गावरील केडगावला मुलांना घेऊन जाता येईल. पंडिता रमाबाईंनी १८९० मध्ये शारदा सदन ही विधवा व मुलींसाठीची शाळा मुंबईहून पुण्यात आणली आणि १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुली व विधवांना केडगावच्या जमिनीवर आसरा दिला. प्रार्थना आणि शेती, बायबलचे भाषांतर आणि अन्नछत्र, यांपैकी राज्याचे काम कोणते आणि कोणते नाही, असा भेद त्या आयुष्यात काढता येत नाही.

तारखांच्या चित्रफितींचा प्रश्न सोपा आहे. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, असे मार्क १३:३२ मध्ये येशूच म्हणतो. पुनरुत्थानानंतर शिष्यांनी विचारले, की इस्राएलाचे राज्य आपण याच काळात पुन्हा स्थापन करणार काय. तेव्हाही त्याने काळ व समय जाणणे तुमच्याकडे नाही, असे सांगून त्यांना साक्षीच्या कामाला लावले. मोठ्या मुलांना रागावू नये किंवा मोबाइल जप्त करण्याची धमकीही देऊ नये. चित्रफीत वर्गात सर्वांसमोर लावायला सांगावी, ती संपल्यावर ज्याने आणली त्याच्याकडूनच ही दोन वचने मोठ्याने वाचून घ्यावीत, आणि मग त्या रविवारी ठरलेल्या दाखल्याकडे वळावे.